पहिल्या सॅमनचा डावा कल्ला

माशाचं डोकं टाकून देणाऱ्या माणसांबद्दल माझं मत लहानपणापासून वाईट आहे. आमच्या मालवणकडच्या घरात जमिनीवरून झाली नसतील तेवढी भांडणं डोक्यावरून झाली. त्यामुळे नव्वदच्या दशकात लग्न करून मी अमेरिकेत, रेडमंडला आले आणि दुकानात मासळीच्या काउंटरवर एक तरुण माणूस एवढाल्या सॅमनची डोकी सटासट उडवून बादलीत टाकताना पाहिला, तेव्हा मी तिथेच थबकले. नोकरीची परवानगी नसलेला व्हिसा, थंडी, सहा-सहा महिने पिरपिरणारा पाऊस, हे सगळं मी सहन केलं होतं. हे मात्र बघवेना.

"ती डोकी मला मिळतील का?" मी विचारलं. तो म्हणाला, फुकट घेऊन जा. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "मलाही हवीत."

मागे एक साठीची बाई उभी होती. करड्या केसांची जाड वेणी, अंगात रेनकोट, चेहऱ्यावर हसू नाही. डोकी पाच होती. आम्ही दोघी एकमेकींकडे नळावरच्या बायकांसारख्या बघत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "तीन तू घे. तू आधी मागितलंस." मी अर्थातच नको नको म्हणत तिन्ही घेतली.

अशी आमची ओळख झाली. ती इथल्या मूळ रहिवाशांपैकी, तासाभराच्या अंतरावर नदी समुद्राला मिळते तिथल्या जमातीची. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करून रिटायर झालेली. लेक रेडमंडला राहायची, म्हणून दर आठवड्याला इकडे यायची. त्यांच्यात कुठल्याही मोठ्या बाईला 'आँटी' म्हणतात. मी तिला सांगितलं की आमच्यात आईच्या बहिणीला मावशी म्हणतात, आणि मला तसंच म्हणू दे. तिने चार-पाच वेळा तो शब्द तोंडात घोळवून पाहिला आणि मान हलवली. तेव्हापासून ती मावशी. जमातीचं नाव मी इथे लिहीत नाही. तिनेच सांगितलं होतं, "पाहिलंस ते खुशाल सांग. आमचं नाव आम्ही सांगू."

वर्षभर आम्ही कधी माझ्या, कधी तिच्या लेकीच्या घरी डोकी शिजवली. तिचं सूप, माझं तिरफळं घातलेलं कालवण. माझा नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, पक्का शाकाहारी. आमचा बेत असला की तो ऑफिसातच जेवून यायचा.

मग एका वसंतात मावशीने मला त्यांच्या पहिल्या माशाच्या सोहळ्याला बोलावलं. बोलावताना तिने बराच वेळ घेतला. तिच्या सांगण्याप्रमाणे सॅमन हे खाणं नाही, ते पाहुणे आहेत. समुद्राखाली त्यांची घरं आहेत, बायकामुलं आहेत. वसंतात त्यांच्यातला एक मोठा मासा आधी नदीच्या तोंडाशी येतो, घर कसं आहे ते बघायला. आपण मुलगी द्यायच्या आधी कुणाला तरी घर बघायला पाठवतो तसं, असं मी मनात म्हटलं. त्या पाहुण्याला गाणी म्हणत आत आणायचं, सगळ्यांनी एकेक घास खायचा, आणि त्याची हाडं, एकूण एक हाडं, परत पाण्यात सोडायची. म्हणजे तो पुन्हा पुरता होतो, आपल्या लोकांत जातो आणि सांगतो की मला तिथे कसं वागवलं. नीट वागवलं असेल तर बाकीचे येतात.

"आणि एखादं हाड हरवलं तर?"

"तर तो अपुरा जातो," मावशी म्हणाली. "मग तो काय सांगेल, तूच विचार कर."

तिच्या आजीच्या काळात सरकारने असले सोहळे बंद पाडले होते. आजी म्हणे दारं लावून, चुलीपाशी एकटीच एका लहानशा माशाचा सोहळा करायची. पुढे मावशीच्या भावाने तो पुन्हा उघड्यावर आणला आणि बरीच वर्षं सांभाळला. तो भाऊ त्या हिवाळ्यात गेला. आता सगळं मावशीच्या अंगावर आलं होतं. त्यात नदीत मासा दरवर्षी कमी होत चाललेला. "काही चुकलं तर लोक म्हणतील, भाऊ गेला आणि त्याच्याबरोबर सगळं गेलं," ती म्हणाली. एवढी खंबीर बाई, पण बोलताना तिने हातातला रुमाल पिळून पिळून दोरी केली होती.

त्या शनिवारी सकाळी नवऱ्याने बूट घालताघालता जाहीर केलं, "अगं, बिल्ड ब्रेक झालंय, मला ऑफिसला जावंच लागेल. तू ड्राइव्ह करशील ना?"

"हायवेवर? एकटी?"

"काही होत नाही यार. राइट लेन सोडू नकोस, बस."

लायसन्स मिळून मला दोन महिने झाले होते. मी राइट लेन धरून, स्टिअरिंगला लटकून, मोठमोठ्याने आरत्या म्हणत तासाचं अंतर दीड तासात कापलं. पोचले तेव्हा आनंद पोटात मावत नव्हता. आपण हे करू शकतो हे कळलं की कसं वाटतं, ते ज्याला परदेशात नवऱ्याच्या व्हिसावर दिवस काढावे लागलेत त्यालाच कळेल.

पाण्याच्या काठावर देवदाराच्या फळ्यांचं लांबलचक घर होतं. धूर, ओली माती आणि भाजलेला मासा यांचा असा वास येत होता की मी दारातच थांबून छाती भरून घेतला. आत दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांचे बाक आणि शे-दीडशे माणसं. मधे मातीची जमीन, तिच्यावर दोन धुन्या. मी कोपऱ्यातली जागा पाहून बसणार, तोच मावशीच्या वतीने बोलणाऱ्या माणसाने चार जणांना पुढे बोलावलं. त्यात मी होते.

त्यांच्यात कुठलंही महत्त्वाचं काम कागदावर लिहून पुरं होत नाही. त्याला साक्षीदार लागतात. चार माणसं निवडायची, त्यांच्या हातात एकेक नाणं ठेवायचं, आणि त्यांनी दिवसभर डोळे उघडे ठेवायचे. शेवटी उभं राहून पाहिलं ते सांगायचं, आणि पुढे जन्मभर कुणीही विचारलं तर सांगायचं. हातात सुपारी ठेवल्यासारखंच ते. मी गांगरून मावशीकडे बघितलं. ती म्हणाली, "तू लांबची आहेस. गोष्ट लांब जायला हवी."

चौथे साक्षीदार होते तिचे चुलत भाऊ. सत्तरीचे मच्छीमार, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, हात वल्ह्यासारखे. त्यांनी माझ्यादेखतच मावशीला विचारलं, "ही काय पाहणार? हिला आपलं काही कळत नाही."

"म्हणूनच नीट पाहील," मावशी म्हणाली.

म्हातारबुवा बाकावर माझ्या शेजारीच, पण मधे दोन माणसांची जागा सोडून बसले. मला राग आला. मासे काय यांनाच कळतात? मी मनातल्या मनात त्यांना बांगड्याच्या चार जाती मोजून दाखवल्या.

आणि मग ढोल सुरू झाले. हातात धरायचे कातडी ढोल, वीस-पंचवीस असतील. पहिला ठोका पडला तो कानात पडलाच नाही, बरगड्यांत पडला. सगळे बाहेर काठावर गेलो. लाकडी होडी धुक्यातून आली, आणि तिच्यात फर्नच्या पानांवर तो पडलेला. केवढा होता म्हणून सांगू. माझ्या हाताच्या लांबीचा, पाठीवर काळे ठिपके, पोट चांदीचं. चौघांनी त्याला पानांसकट उचललं आणि गात गात आत आणलं. धुन्यांभोवती फिरवलं. लोक उभे राहून हात वर करत होते, म्हाताऱ्या बायका रडत होत्या, आणि मीही रडत होते. का ते मला माहीत नव्हतं. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं.

मासा अख्खा, डोक्यासकट भाजला. प्रत्येकाच्या तळहातावर नखाएवढा घास आला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चविष्ट घास तोच. मग इतर माशांचं जेवण झालं. ते मासे तुकडे करून, डोक्यांशिवाय भाजलेले, तसल्याच लाकडी ताटांत, तसल्याच फर्नवर. ओहोटी लागली की होडी हाडं घेऊन जाणार होती. त्याला तासभर अवकाश होता.

आता खरं संकट सुरू होतं, आणि ते मी स्वतः ओढवून घेतलं. पंगत उठली, समोर खरकटं पसरलंय, घरच्या बायका राबताहेत, आणि मी हातावर हात ठेवून बसायचं? आईने मला तसं वाढवलं नाही. मी उठले. स्वयंपाकघरातली एक बाई म्हणाली, "तुम्ही बसा, तुम्ही साक्षीदार आहात." मी म्हटलं, असू दे, होऊ दे. तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा असू दे म्हटलं. ती बाहेर गेली आणि मी पदर खोचल्याच्या आवेशात स्वेटरच्या बाह्या वर केल्या. ताटं उचलायची, खरकटं काळ्या पिशवीत उलटं करायचं, ताट सिंकमध्ये. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कोपऱ्यातल्या एका ताटावर फर्न झाकलेलं होतं. ते बाजूला केलं तर खाली काटे आणि माशाचं डोकं. अख्खं. गालाला कुणी हातसुद्धा लावलेला नाही. वाचणाऱ्याने मला दोष द्यावा, पण मालवणी माणसाने समजून घ्यावं. मला वाटलं, कुणाच्या तरी नजरेतून सुटलं. मी इकडे तिकडे पाहिलं, डावा कल्ला उघडला आणि त्याच्यामागचं मांस उभ्या उभ्या खाल्लं. कल्ल्यावरचं झाकणासारखं पातळ हाड तर चांगलं चोखलं. इतक्यात पावलं वाजली. चोरून खाताना सापडायची लाज, म्हणून ते हाड कागदी रुमालात गुंडाळून स्वेटरच्या खिशात कोंबलं आणि उरलेलं ताट पिशवीत उलटं केलं. ताट साबणाने घासून, पुसून, लखलखीत करून ठेवलं.

दहा मिनिटांनी मावशी आत आली. कोपऱ्याकडे बघितलं. मग त्या लखलखीत ताटाकडे. "पाहुणा कुठे आहे?" तिने विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जेवणाच्या एकाही माशाला डोकं नव्हतं. एवढी माशांतली जाणकार मी, आणि एवढं साधं लक्षात आलं नाही.

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "कुठली पिशवी?" पिशव्या तीन होत्या, बांधून मागच्या दाराबाहेर ठेवलेल्या, आणि कुठली कुठली ते मला सांगता येईना. म्हातारबुवा आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. 'मी म्हटलंच होतं' हे वाक्य त्यांनी तोंडातच ठेवलं, पण मला स्पष्ट ऐकू आलं. बाहेर ओहोटी लागली होती. ढोलवाल्यांना निरोप गेला की गाणं चालू ठेवा.

मागच्या अंगणात मेणकापड पसरलं आणि तिन्ही पिशव्या ओतल्या. बटाट्यांची सालं, पावाचे तुकडे, कागदी कप आणि तीस-चाळीस माशांचे काटे. पावसाची बुरबुर. मी गुडघ्यांवर बसले आणि माझे हात सुरू झाले. जेवणातले मासे लहान, त्यांचे काटे केसासारखे. पाहुण्याचे काटे जाड, मधला कणा माझ्या अंगठ्याएवढा. हे मला कुणी शिकवायला नको होतं. "हे त्याचं, हे नाही, हे त्याचं," मी बोलत सुटले. म्हातारबुवा समोर बसून मी दिलेली हाडं फर्नवर डोक्यापासून शेपटीपर्यंत मांडत होते. मावशी त्यांच्या शेजारी. पंधरा मिनिटांत मेणकापडाशेजारी मासा आकार घ्यायला लागला. कणा जमला. फासळ्या दोन्ही बाजूंच्या जमल्या. शेपटी अख्खी मिळाली. मला स्फुरण चढलं. आत ढोल, वरून पाऊस, आणि माझ्या हाताखाली तो पुन्हा तयार होतोय. मी केलेली चूक मीच निस्तरतेय, याचा अभिमानसुद्धा वाटायला लागला. माणूस किती निर्लज्ज असतो.

कवटी मांडून झाली तशी म्हातारबुवा थांबले. उजव्या कल्ल्याचं झाकण होतं. डावं नव्हतं.

सगळे पुन्हा कचरा चिवडायला लागले. मावशी सालं एकेक करून उलटी करत होती. आणि मला आठवलं. खिशातला कागदी रुमाल एकदम विस्तवासारखा लागायला लागला.

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. हाडं चुकून टाकली ही एक गोष्ट. पाहुण्याचा गाल चोरून खाल्ला, हे कसं सांगायचं? आणि तेही, 'ही काय पाहणार' म्हणणाऱ्या माणसासमोर? मी खिशात हात घातला, बोटांनीच रुमाल उलगडला, मूठ बंद करून बाहेर काढली आणि ती सालांच्या ढिगात खुपसली. मग हात वर केला. "सापडलं!"

मावशीने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. म्हातारबुवांनी ते हाड माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि जागेवर ठेवलं. होडी निघाली, फर्नवरचा पाहुणा ओहोटीबरोबर पाण्यात गेला, काठावर सगळे गात होते, आणि मी एकटी गप्प होते. चोराच्या मनात चांदणं, तशी मी प्रत्येकाच्या नजरेत संशय शोधत होते.

मग साक्षी सुरू झाल्या. पहिले दोघे किती छान बोलले. भावाची आठवण काढली, मावशीने सगळं कसं सांभाळलं ते सांगितलं. तिसरी मी.

उभी राहिले. मनात हिशेब एकच. खरं सांगितलं तर शे-दीडशे माणसांसमोर मावशीची मान खाली जाणार. नाही सांगितलं तर पाहुणा पाण्याखाली आपल्या लोकांना एक सांगणार आणि मी जमिनीवर दुसरंच. तो तर आता पुरता होऊन गेला होता, त्याला सगळं माहीत होतं. तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. मला त्या घरात, त्या धुरात, ते अगदी खरं वाटत होतं. मावशीकडे पाहिलं. ती माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती की मला खोटं बोलवेना.

मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. बसा म्हटलं असता बसले नाही. ताट रिकामं केलं. "आणि शेवटचं हाड कचऱ्यात सापडलं नाही," मी म्हटलं, "ते माझ्या खिशात होतं. मी त्याच्या गालाचं मांस चोरून खाल्लं, आणि नंतर सापडल्याचं नाटक केलं. यात मावशीची काही चूक नाही. तिने मला पाहायला सांगितलं होतं. मी पाहिलं नाही, मी खाल्लं." एवढं बोलून मला रडू फुटलं. नाणं मुठीत रुतत होतं. ते परत द्यावं असं वाटलं, पण कुणाला द्यायचं ते कळेना.

धुनीतलं लाकूड तेवढं फुटत होतं. मावशीने डोळे मिटले होते, आणि चेहऱ्यावरून मला काहीच कळत नव्हतं.

चौथे साक्षीदार उठले. टोपी काढली. ती काढलेली मी पहिल्यांदाच पाहिली. ते आधी त्यांच्या भाषेत बोलले, मग माझ्याकडे वळून इंग्लिशमध्ये.

"हाड खिशातून निघताना मी पाहिलं होतं," ते म्हणाले. "ते मी आता सांगणार होतो. हिने सांगितलं. माझ्याकडे सांगायचं काही उरलं नाही."

एवढं म्हणून ते बसले. बसताना बाकावर मधे सोडलेली जागा सरकून भरून काढली, आणि मीही बसावं म्हणून बाकावर दोनदा हात आपटला.